कमी खर्चातला पहिला एअरब्रश: काय घ्यायचं, कसं जोडायचं, कुठे अडतं

एअरब्रश म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारा पेनाएवढा ब्रश. तो घ्यायचा ठरला की बहुतेकांचा सगळा जीव ब्रशमध्ये अडकतो. कुठल्या कंपनीचा, किती बारीक नोझलचा, याचे व्हिडिओ बघण्यात दोन महिने जातात आणि हवेचं काय, तर किटसोबत जे आलं ते. हे उलटं करा. हजार-दीड हजाराचा साधा ब्रश एकसारख्या, कोरड्या हवेवर नीट चालतो. आठ हजारांचा ब्रश धडधडत्या हवेवर थुंकतच राहतो. दहा-बारा हजारांत संच बसवायचा असेल तर त्यातले निदान दोन तृतीयांश पैसे हवेकडे जाऊ द्या. हवा म्हणजे हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, दाब जुळवणारा रेग्युलेटर आणि हवेतलं पाणी धरणारा मॉइश्चर ट्रॅप.

मराठवाड्यात बसून हे करायचं तर आणखी तीन गोष्टी धराव्या लागतात: बोअरचं क्षाराचं पाणी, खालीवर होणारा व्होल्टेज आणि एप्रिल-मेचं ऊन. बाहेरच्या व्हिडिओंत यांचं नावही निघत नाही. नवशिक्याच्या निम्म्या तक्रारी मात्र इथेच उगवतात.

ब्रश

डोळे झाकून घ्यायचा प्रकार एकच आहे: डबल ॲक्शन, ग्रॅव्हिटी फीड, ०.३ मिमी नोझल. डबल ॲक्शन म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. ग्रॅव्हिटी फीड म्हणजे रंगाचा कप वर. रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, त्यामुळे कमी दाबावर काम होतं आणि चार थेंब रंगही वाया जात नाही. खाली बाटली लटकणारा सायफन प्रकार मोठ्या मूर्तीला एकच रंग मारायला बरा, पण शिकण्यासाठी नको. नुसती हवा दाबली की रंगही येणारे सिंगल ॲक्शन ब्रश स्वस्त असतात. त्यांच्यावर हात बसला की ती सवय मोडायला पुन्हा तेवढेच दिवस जातात.

०.२ मिमीचं नोझल दिसायला मोहक, पण आपल्याकडे मिळणारे ॲक्रिलिक रंग त्यात सारखे अडकतात. ०.५ मिमी मोठ्या भागाला चांगलं, बारीक रेषेला जाड. चिनी बनावटीचे '१३०' नमुन्याचे ब्रश बऱ्याचदा तिन्ही मापांच्या सुया (नोझलचं तोंड उघड-बंद करणाऱ्या) आणि नोझलसह येतात. पैसे वाचवायचे तर तो संच घ्या, पण पहिले सहा महिने ०.३ सोडून दुसरं काही चढवू नका. सुई आणि नोझल जोडीनेच बदलायचे. ०.३ च्या नोझलमध्ये ०.५ ची सुई घातली तर ती टोकाशी बसत नाही, आणि तिला जबरदस्तीने ढकललं तर नोझलचं तोंड फाकतं.

ब्रश हातात आला की लगेच रंग भरू नका. पांढऱ्या टॉवेलवर किंवा स्टीलच्या ताटात तो उघडा. नोझल तांदळाच्या दाण्याहून लहान असतं आणि बेसिनच्या जाळीतून अगदी सहज निसटतं. मागचं हँडल काढा, सुई धरणारा चक-नट सैल करा आणि सुई मागून सरळ बाहेर ओढा. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून टोक बघा. ते वाकलेलं असेल तर विक्रेत्याला परत करा. थोडंसंच वाकलं असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवा, सुई बोटांत फिरवत फिरवत टोक मागे राहील अशी हलकेच ओढा आणि शेवटी ब्रासो लावलेल्या मऊ कापडातून दोन-तीनदा काढा. स्वस्त ब्रशची सुई मुळातच खरबरीत असते, म्हणून हे पॉलिश नव्या सुईलाही करावं. पाच मिनिटांच्या या कामाने रंग अडकणं बरंच कमी होतं.

आतल्या ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या गोल कड्या) रबरी आहेत की टेफलॉनच्या, हे विकत घेतानाच विचारा. रबरी रिंग एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरमध्ये फुगते आणि मग सुई अडकते. जादा सुई-नोझलची जोडी आणि ओ-रिंगचं पाकीट त्याच वेळी मागवून ठेवा. हा खर्च दोन-तीनशेचा. नोझल शनिवारी रात्री तुटतं आणि नवं यायला आठवडा लागतो.

हवा: इथे हात आखडू नका

बाजारात साधारण चार वाटा दिसतात.

पहिली, हँडलमध्येच मोटर आणि बॅटरी असलेला छोटा कॉर्डलेस संच. दोन-तीन हजारांत मिळतो. नखांवरचं काम, केकवरची सजावट, लहान मॉडेल एवढ्याला चालतो. दाब कमी, टाकी नाही आणि सतत चालवलं की गरम होतो. शिकायला भाड्याने किंवा मित्राकडून मिळाला तर घ्या, विकत घेऊ नका.

दुसरी, छंदासाठीचा पिस्टन कॉम्प्रेसर, तीन लिटरच्या टाकीसह. 'एएस-१८६' या नावाने मिळणारा नमुना सगळ्यात जास्त खपतो. टाकीत ३ बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) उरले की मोटर आपोआप सुरू होते आणि ४ बारला बंद होते. मिनिटाला २० ते २३ लिटर हवा देतो, वजन पाच किलोच्या आसपास, आवाज घरात चालण्याजोगा. रेग्युलेटर आणि ट्रॅप त्यावरच बसवलेला येतो. बहुतेक नवशिक्यांसाठी हाच खरा पर्याय. टाकी नसलेला त्याचाच धाकटा भाऊ हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो. तो घेऊ नका. पिस्टनच्या प्रत्येक ठोक्यासरशी हवा उसळी मारते आणि तीच उसळी कागदावर ठिपक्यांच्या रांगेसारखी उमटते.

तिसरी, २४ लिटर टाकीचा ऑइल-फ्री वर्कशॉप कॉम्प्रेसर. वाळूज किंवा चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीजवळ राहत असाल तर तो वापरलेलाही मिळू शकतो. आवाज एवढा की संध्याकाळी लावला तर शेजारचे काका दारात येतील. पण ज्यांच्याकडे वीज जाते त्यांच्यासाठी त्याच्यात एक मोठा फायदा आहे, आणि तो आकड्यात बघण्यासारखा आहे. ०.३ चा ब्रश मिनिटाला साधारण १० लिटर हवा खातो. तीन लिटरची टाकी ४ बारवरून दीड बारवर येईपर्यंत जेमतेम साडेसात लिटर हवा देते, म्हणजे वीज गेल्यावर पाऊण मिनिट. २४ लिटरची टाकी ८ बारवरून दीड बारवर येईपर्यंत दीडशेच्या वर लिटर देते, म्हणजे पंधरा मिनिटं. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात अर्धवट राहिलेला कोट पुरा करायला तेवढे पुरतात.

चौथी वाट जुगाडाची: जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. शांत चालतो हे खरं. पण तो बंद चक्रातल्या गॅससाठी बनलेला असतो, हवेसोबत स्वतःचं तेल बाहेर टाकतो आणि त्याला स्वतःहून बंद होण्याची सोय नसते. प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, चेक व्हॉल्व्ह आणि तेल गाळणारा फिल्टर जोडता जोडता खर्च एएस-१८६ च्या जवळ जातो. नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो, त्यामुळे घरी नळी कापायचं तर नावही नको. गॅसच्या जुन्या सिलिंडरची टाकी कुणी सुचवली तर तिथून उठून या. आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा साठवण्याचा सल्ला? टायरशिवाय नुसती ट्यूब फुगत जाते, तिच्यात दाब साठत नाही. शिवाय आतली शंखजिऱ्याची पावडर थेट नोझलमध्ये येते.

वीज

कॉम्प्रेसर फार वीज खात नाही. छोटा तर दीडशे वॉटच्या आसपासचा असतो. अडचण सुरू होताना येते. मोटर चालू होण्याच्या क्षणी चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. व्होल्टेज १८०-१९० वर आला असेल, किंवा पंख्याच्या पातळ वायरचं वीस फुटी एक्स्टेंशन जोडलं असेल, तर मोटर नुसती 'हूंऽऽ' करत थांबते, तापते आणि थर्मल कट-आउट (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) पडतो. म्हणून भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये थेट लावा. एक्स्टेंशन लागलंच तर दीड स्क्वेअर मिमीची तीन पदरी वायर आणि लांबी कमी. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज बसतो अशा गावात सकाळची वेळ धरा. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर तापते आणि गुरगुरते. त्यावर चालवायचं टाळा.

कट-आउट पडला तर स्विच बंद करून अर्धा तास थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं तर वाइंडिंग जळतं.

जोडणी

ब्रशच्या खालच्या नळीची चूडी बहुतेक ठिकाणी १/८ बीएसपी (पाइपच्या आट्यांचं माप) असते, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'एक सुती'. वर्कशॉप कॉम्प्रेसरचं तोंड पाव इंची, म्हणजे 'दोन सुती'. मध्ये पितळी ॲडाप्टर लागतो आणि तो न्यूमॅटिक फिटिंगच्या कुठल्याही दुकानात पन्नास-शंभरात मिळतो. जाताना ब्रश आणि पाइप सोबत न्या. 'एअरब्रशचं फिटिंग द्या' म्हटलं तर दुकानदार गोंधळेल, 'एक सुती बाय दोन सुती निपल' म्हटलं की लगेच काढून देईल. पाइप गुंफलेल्या आवरणाचा आणि दोन-तीन मीटरचा घ्या. लांब पाइपचा फायदा म्हणजे कॉम्प्रेसरची गरम हवा वाटेत थंड होते.

टेफलॉन टेप फक्त कॉम्प्रेसर-रेग्युलेटर-ॲडाप्टर या कायमच्या सांध्यांना लावा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन वेढे, चूडीचा पहिला आटा मोकळा ठेवून. ब्रशच्या बाजूला टेप लावू नका. तिथे आत वॉशर असतो आणि टेपचा तुकडा सुटला तर थेट एअर व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. हाताने घट्ट केल्यावर पान्याने पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

मग कॉम्प्रेसर चालू करा, टाकी भरू द्या आणि भांड्याच्या साबणाचं पाणी जुन्या ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. बुडबुडा आला तिथे गळती. टाकी भरून मोटर बंद झाल्यावर ब्रश न वापरताही ती पाच-दहा मिनिटांत पुन्हा सुरू होत असेल, तर कुठेतरी हवा नक्की जाते आहे.

आता रेग्युलेटर. इथे जवळजवळ सगळेच एक चूक करतात: ब्रश बंद असताना काटा २० पीएसआयवर (हेही दाबाचंच माप) आणतात. ट्रिगर दाबला की तो काटा तीन-चार पीएसआयने खाली येतो. म्हणून आधी ट्रिगर दाबून हवा सोडा आणि हवा चालू असतानाच दाब जुळवा. सुरुवातीला १८ ते २० पीएसआय ठेवा. बारीक रेषेला १२ ते १५, जाडसर रंगाला किंवा ०.५ च्या नोझलला २५ पर्यंत. डायल बारमध्ये असेल तर एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

ट्रॅपच्या पारदर्शक वाटीत पाणी दिसलं की खालची पिन दाबून सोडून द्या. जून ते सप्टेंबरात तास-दीड तासाने बघत राहा. आणि रोजचं काम संपलं की टाकीच्या बुडाचा ड्रेन उघडून हवा-पाणी पूर्ण काढा, नाहीतर टाकी आतून गंजते आणि वर्षभरात ट्रॅपमध्ये तांबडं पाणी येऊ लागतं.

बसायची जागा आणि नाक

पाण्याचा ॲक्रिलिक आहे म्हणून मास्क नको, असं नाही. रंगाचे कण इतके बारीक असतात की थेट फुफ्फुसात उतरतात. पाण्याच्या रंगाला घट्ट बसणारा एन-९५ पुरतो. थिनरच्या रंगाला त्याचा काहीच उपयोग नाही. तिथे कोळशाचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. गाड्यांचे २के (हार्डनर मिसळून वापरायचे) रंग तर घरी मारायचेच नाहीत. त्यातल्या हार्डनरमधला आयसोसायनेट दम्याची कायमची व्याधी लावू शकतो.

बूथ घरी बनतो. टीव्ही किंवा कूलरच्या मोठ्या खोक्याची पुढची बाजू कापा, मागे आठ इंची एक्झॉस्ट फॅन बसवा, त्याच्या तोंडाला एसीचा धुता येणारा जाळीदार कापडी फिल्टर लावा आणि हवा खिडकीबाहेर जाऊ द्या. कूलरच्या ताटीतलं गवत कुणी सुचवतं, पण त्याची कुसं उडून ओल्या रंगावर चिकटतात. हा बूथ फक्त पाण्याच्या रंगासाठी. साध्या फॅनच्या मोटरची ठिणगी आणि थिनरची वाफ एका खोक्यात आणायची नाही. त्याच खोलीत समई किंवा गॅसही नको.

उन्हाळ्यात चालू कूलरची गोष्ट थोडी गमतीची आहे. त्याच्या दमट हवेत सुईच्या टोकावर रंग कमी वाळतो, हा फायदा. पण झोत थेट कामावर आला तर धूळ बसते आणि तीच दमट हवा टाकीत जाऊन पाणी वाढवते. शेजारच्या खोलीत कूलर लावून दार अर्धं उघडं ठेवलं तर दोन्ही जमतं.

रंग आणि पातळ करायचं पाणी

व्हॅलेहो मॉडेल एअरसारखे एअरब्रशसाठीच पातळ केलेले रंग उत्तम, पण शिकताना बाटलीमागे बाटली संपवायला महाग. सरावाला कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे ॲक्रिलिक पुरतात, फक्त पातळ नीट करावे लागतात. ट्यूबमधल्या घट्ट रंगाला एक भाग रंग आणि दोन ते तीन भाग पातळक, बाटलीतल्या रंगाला एकास एक ते एकास दीड. काळा आणि निळा लवकर पातळ होतात. पांढरा आणि पिवळा हट्टी, त्यांना जास्त गाळावं लागतं. मोत्याच्या आणि सोनेरी रंगातले चमकीचे कण मोठे असतात, ते ०.५ शिवाय वापरू नका.

पातळकाचा घरचा हिशेब असा: ८५ मिली डिस्टिल्ड पाणी, १५ मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, ग्लिसरीनचे दहा-बारा थेंब. ग्लिसरीन सुईवर रंग वाळणं लांबवतं. जास्त झालं तर रंग दोन दिवस चिकट राहतो. एप्रिल-मेमध्ये अल्कोहोल पाच मिलीवर आणा आणि ग्लिसरीन पंधरा थेंब करा. पावसाळ्यात ग्लिसरीन निम्मं. हातावरचं सॅनिटायझर अल्कोहोल म्हणून चालत नाही, त्यातल्या जेलने कपात साय धरते. काही रंग अल्कोहोलने फाटतात, दही लागल्यासारखे. म्हणून नवा रंग आणला की आधी चमच्यात चार थेंब मिसळून पाच मिनिटं बघा.

पाणी बोअरचं नकोच. त्यातले क्षार सुईवर आणि नोझलच्या तोंडाशी पांढरे धरतात आणि ते कापडाने निघत नाहीत. आरओचं पाणी चालतं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त पडतं, पण मागताना 'डिस्टिल्ड' म्हणूनच मागा आणि बाटलीवर वाचून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये असतं.

रंग किती पातळ हवा? सायीशिवायच्या दुधाइतका. मिसळलेल्या वाटीच्या कडेवर ब्रशने ओघळ काढा. तो सरकन खाली गेला आणि मागे पातळ, एकसारखा पापुद्रा राहिला तर बरोबर. पापुद्रा तुटक दिसला तर फार पातळ, हळूहळू उतरला तर जाड. शेवटी जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा वाटीवर ताणून त्यातून गाळून घ्या. गाळायला कंटाळलात तर तो वेळ पुढे नोझल उघडण्यात जातो.

हात बसवणं

कपात दहा थेंब पाणी आणि दोन थेंब काळी शाई. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू समोर. एकच नियम बोटात भिनवा: आधी हवा, मग रंग; थांबताना आधी रंग बंद, शेवटी हवा. हवा आधी बंद केली तर सुईच्या टोकावर थेंब राहतो आणि पुढच्या दाबाला तो चित्रावर फुटतो.

पहिले दोन दिवस नुसते ठिपके, दोन सेंटिमीटरवरून मुगाएवढे आणि दहा सेंटिमीटरवरून रुपयाएवढे. मग रेषा. हात आधी हलू लागला पाहिजे, मग रंग सुटला पाहिजे, आणि रंग थांबल्यावरही हात थोडा पुढे जायला हवा, नाहीतर रेषेच्या दोन्ही टोकांना मुंगीच्या डोक्यासारखी गाठ येते. मग चौकोन: एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला विरत गेलेला. तो तीनदा सलग जमला की वस्तूला हात घाला.

पहिली वस्तू: पोळ्याचा बैल

कुंभाराकडचा मातीचा बैल स्वस्त असतो, आकार गोलसर असतो आणि बिघडला तरी मनाला लागत नाही. देवणी जातीतला पांढऱ्या अंगाचा, काळसर तोंडाचा बैल निवडा. पांढऱ्यातून काळ्यात विरत जाणं हीच तर एअरब्रशची खरी ताकद.

कच्ची माती पाणी पिते आणि ओल्या हाताने निसटते. म्हणून पांढऱ्याचे तीन अगदी पातळ कोट, बारा-पंधरा सेंटिमीटरवरून, प्रत्येकानंतर दहा मिनिटं थांबून. एका कोटात झाकायचा प्रयत्न केला तर माती मऊ होऊन कानाची टोकं गळतात. पांढरं पूर्ण वाळलं की राखाडी रंग अर्धपारदर्शक होईल इतका पातळ करा, दाब १४ पीएसआय, अंतर पाच-सहा सेंटिमीटर, आणि पोटाखाली, वशिंडाच्या मागच्या उताराला, मांडीच्या सांध्याला हलक्या फुंकरी मारा. फुंकर दिसली न दिसली अशीच असू द्या, चार-पाच थरांनी ती आपोआप भरते. मग काळा फक्त तोंडाला, नाकपुडीकडून सुरू करून डोळ्याकडे विरत. डोळ्याच्या वर थांबा.

शिंगांना हिंगुळाचा लाल मारायचा तर कपाळ झाकावं लागतं. जुन्या एक्स-रे फिल्मला शिंगाच्या जाडीचं भोक पाडा आणि ती शिंगात अडकवा. मास्किंग टेप कच्च्या मातीवर लावली तर रंगासकट पापुद्रा घेऊन येते. झुलीचे आरसे आणि गोंडे साध्या ब्रशने करा, तिथे एअरब्रशचा हट्ट नको. लाल कंधारी करायचा असेल तर तपकिरी लाल एकसारखा मारून खांदा आणि वशिंड एक छटा गडद करा. त्या जातीत बैल गाईपेक्षा जरा गडदच असतो.

बैल जमला की महालक्ष्म्यांच्या मुखवट्याचे गाल. तिथे दाब १२ वर आणा आणि गुलाबी रंग पाण्यासारखा पातळ करा. गालावर एकदा गडद ठिपका पडला की तो झाकायला सगळा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो.

धुणं

रंग बदलताना कप रिकामा करा, पाणी भरा, कागदाच्या बोळ्यावर फवारा. मग पुढच्या टोकावर टिश्यू हलकेच दाबून ट्रिगर ओढा. हवा उलटी जाऊन कपात बुडबुडे येतात आणि आत अडकलेला रंग वर येतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चारदा करा. गडद रंगावरून पांढऱ्याकडे जाताना आणखी दोनदा.

दिवस संपताना सुई मागून काढून पुसा. पुसताना कापड मागून टोकाकडे न्या, उलट नेलं तर टोक वाकतं. कपाच्या तळाशी कान साफ करायच्या काडीने फिरवा. नोझल रोज काढायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे. काढलंच तर परत बसवताना सोबत आलेल्या इवल्याशा पान्याने नुसता स्पर्श होईपर्यंत फिरवा. स्वस्त ब्रशचं नोझल हमखास याच क्षणी चूडीतून तुटतं. त्यात तार किंवा टाचणी घालू नका, दात साफ करायचा बारीक इंटरडेंटल ब्रश घाला. वाळलेला ॲक्रिलिक असेल तर नोझल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं भिजवा. सगळा ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धत ओ-रिंगचा जीव घेते. ट्रिगर कुरकुरला तर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब ट्रिगरखालच्या पिनेला लावा, रंगाच्या वाटेत नाही. रंगात तेल गेलं की पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

अडलं तर

कपात आपोआप बुडबुडे येत असतील तर नोझल किंवा त्यावरची टोपी सैल आहे. घट्ट करूनही थांबले नाहीत तर नोझलला चीर गेली आहे, बदला. ट्रिगर नुसता दाबल्यावरच रंग येत असेल तर सुई पूर्ण पुढे बसलेली नाही. चक-नट सैल करा, सुई हलक्या हाताने अडेपर्यंत पुढे सरकवा, नट आवळा. रंग थुंकत असेल तर आधी सुईचं टोक पुसा, मग रंग पातळ करा, मग ट्रॅप बघा, मग सुई वाकली का ते बघा. याच क्रमाने, कारण दहापैकी आठदा पहिल्या दोनांत काम भागतं. रंगाचे कोळ्याच्या पायांसारखे फाटे पसरत असतील तर रंग फार पातळ आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत आला तर उलट, रंग वाटेतच वाळतो आहे: अंतर कमी करा, दाब दोन-तीन पीएसआयने उतरवा. मेमध्ये दुपारी बाराच्या पुढे हे दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. सकाळी सहा ते नऊमध्ये तोच रंग त्याच दाबावर गुळगुळीत बसतो. बोट फिरवल्यावर वाळलेला रंग पिठासारखा निघत असेल तर पाणी जास्त झालं आणि रंगाला धरणारा बाइंडर कमी पडला. पुढच्या वेळी पाण्याऐवजी थोडं ॲक्रिलिक मीडियम घाला. झालेल्या कामावर मॅट वार्निशचा हलका फवारा मारला तर तेही वाचतं.